मीटर बिघडलाय

सोमवार, ३

वेधशाळेचं पत्रक आज पुन्हा पिवळं. सलग सहावा दिवस. पिवळं म्हणजे काय, तर ज्वालामुखीवर जाऊ नका असं ते म्हणत नाहीत आणि जा असंही म्हणत नाहीत. विवरातून धूर निघतोय, किती ते ढगांमुळे सांगता येत नाही. वारा फिरला तर गंधकाचा वायू वाटेवर उतरू शकतो. काठावरचं बर्फ टिकेल की नाही, अंदाज नाही. अरे, हे सगळं मला माझ्या न्हाणीघराच्या खिडकीतून दिसतं! त्यासाठी पगारी शास्त्रज्ञ कशाला हवेत?

लेकीचं म्हणणं, चिडचिड माणसांवर काढण्यापेक्षा वहीत काढा. तिनेच ही वही आणून टेबलावर ठेवली. तर काढतो.

दोन वर्षं डोंगर बंद होता. आता उघडलाय. आमच्या ग्रुपला पंधरा ते बावीस तारखेचा परवाना मिळालाय. चार माणसं, आणि गाईड आम्ही दोघं, मी आणि लेक. तीस तारखेला मला बासष्ट पूर्ण होतात आणि प्रमुख गाईडचा माझा परवाना त्याच दिवशी संपतो. नियम म्हणजे नियम, त्यात वशिला चालत नाही. म्हणजे या आठ दिवसांत चढाई झाली तर झाली. नाही तर दोरीच्या पुढच्या टोकाला मी पुन्हा कधीच उभा राहणार नाही. आणि हे कोण ठरवणार? तो धूर!

बुधवार, ५

चौघे आले. एक दंतवैद्य, त्याला सगळ्यातलं सगळं कळतं. दोघी बहिणी, दोघी शाळेत शिकवतात, एकीने वाक्य सुरू केलं की दुसरी संपवते. आणि एक बसचालक, वर्षानुवर्षांची रजा साठवून आलेला. तो फार बोलत नाही, मला तोच आवडला.

ऑफिसात भिंतीला दोरीने बांधलेली एक वही आहे. श्वासाची वही म्हणतो आम्ही तिला. आल्या दिवसापासून प्रत्येकाने सकाळ-संध्याकाळ बोटाला ऑक्सिमीटर लावायचा आणि आकडा आपल्या हाताने वहीत लिहायचा, गाईडसकट. वरच्या निवाऱ्यात दुपारी चारला शेवटची नोंद होते. तिथे पंच्याहत्तरच्या खाली आला तो परत खाली. आणि खाली जाणारा एकटा जात नाही, एक गाईड त्याच्याबरोबर उतरतो. अकरा वर्षांपूर्वी हे नियम मी केले. कोणासाठी वाकवले नाहीत.

दंतवैद्याला आजच पकडलं. बोट घालायच्या आधी कोपऱ्यात तोंड करून तळवे चोळत होता आणि ओठांचा चंबू करून लांब लांब श्वास सोडत होता. असं दोन मिनिटं केलं की आकडा पाच-सहाने वर जातो, ही लबाडी सगळ्यांना कुठून कळते देव जाणे. सगळ्यांसमोर विचारलं, हा फुगवलेला आकडा डोंगराला दाखवणार का? कानापर्यंत लाल झाला.

माझा ८६. मीटर बिघडलाय. या गावात मी कधी नव्वदच्या खाली आलेलो नाही. लेकीने सेल बदलून दिला. ८५. म्हणजे मीटरच गेलाय.

गुरुवार, ६

औषधांच्या दुकानातून नवा मीटर आणला. ८४. घरी येऊन हिच्या बोटाला लावला तर ९२. हिचे हात स्वयंपाकघरात राहून सतत गरम असतात, त्यामुळे. ही म्हणाली, डॉक्टरांना दाखवून या एकदा. मीटर बिघडला की डॉक्टरांना दाखवायचा, हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

संध्याकाळी हात चोळले, थोडे लांब श्वास घेतले. ९१. तोच वहीत लिहिला. दंतवैद्याची गोष्ट वेगळी आणि माझी वेगळी. त्याला स्वतःच्या अंगाची ओळख नाही. मला माझा खरा आकडा माहीत आहे, या खेळण्याला माहीत नाही, एवढंच.

शनिवार, ८

परवाना कार्यालय तिसऱ्या मजल्यावर कोणी नेलं त्याचा सत्कार केला पाहिजे. पायऱ्याही कशा, एक उंच, एक बुटकी. दोनदा कठड्याला टेकून उभं राहावं लागलं. वर कारकुनाने अर्ज परत केला. कारण काय, तर "पर्यायी प्रमुख" हा रकाना रिकामा. म्हटलं, पर्यायाची गरज नाही, मी आहे. तो म्हणाला, आहात हे दिसतंय, पण रकाना भरा. लेकीचं नाव लिहिलं. ती शेजारीच उभी होती, चेहऱ्यावर काही नाही. मला उगाच खटकलं.

चांभाराकडेही वाद झाला. नवे बूट घोट्याला इतके आवळतात की संध्याकाळी काढताना कातडीवर मोज्याची नक्षी उमटलेली असते. त्याने माप पुन्हा घेतलं आणि म्हणतो कसा, बूट तेच आहेत साहेब, पाय वाढलेत. या वयात पाय वाढतात म्हणे! पैसे परत घेऊन येणार होतो, लेकीने मध्ये पडून मिटवलं.

सोमवार, १०

गावामागच्या उतारावर सराव. जाऊन-येऊन पाच तास. पत्रक पिवळंच होतं, म्हणून दर दहा मिनिटांनी थांबून मी धुराकडे बघत होतो. प्रमुखाला ते करावंच लागतं. धूर कुठे झुकतो, रंग काय, किती सुटा आहे, हे धावत जाऊन कळत नाही.

परत येताना बसचालक माझ्याबरोबर राहिला. म्हणाला, "काका, तुम्ही थांबता ते बरं वाटतं. घाटात मीसुद्धा इंजिनचा आवाज बदलला की थांबतो." शहाणा माणूस आहे. दंतवैद्य मात्र लेकीबरोबर पुढे निघून गेला होता. गाईडच्या पुढे जायचं नाही हे त्याला तिसऱ्यांदा सांगितलं. तो म्हणाला, मी गाईडबरोबरच होतो. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मंगळवार, ११

आज जे ऐकलं ते लिहितो, म्हणजे डोक्यातून जाईल.

लेक सामानाच्या खोलीत दोर मोजत होती आणि फोनवर बोलत होती. दार उघडंच होतं. पलीकडचा आवाज मला बाहेर ऐकू आला म्हणजे फोन कोणाचा हे विचारायलाच नको. भोंगा. माझा जुना भागीदार. त्याने या कड्यावरून हाक मारली की त्या कड्यावरचा माणूस वळून बघतो, म्हणून भोंगा. बसस्थानकामागे त्याने आपलं वेगळं ऑफिस टाकलंय. अकरा वर्षं आम्ही एकमेकांशी बोलत नाही. समोरून आला तर मी दुकानाच्या काचेत बघत उभा राहतो.

ती म्हणत होती, "हो काका, चारच्या आत पोचायला हवं. नाही, बाबांना काही सांगितलेलं नाही. तारीख ठरली की कळवते."

म्हणजे लेक त्याच्याकडे चालली! माझा परवाना संपायची वाट बघतेय आणि त्याच्या ऑफिसात रुजू व्हायची तारीख ठरवतेय. चारनंतर तो दुकान बंद करत असेल, आळशी कुठला. मला म्हणाली असती तर मी काय खाल्लं असतं तिला? मी काही विचारलं नाही. जेवताना तिला मीठ पुढे करायलाही सांगितलं नाही, हात लांब करून घेतलं. ही दोन्हीकडे बघत राहिली, म्हणजे लेकीकडे आणि मिठाकडे.

गुरुवार, १३

नारिंगी!

सकाळी आठचं पत्रक. विवरात रात्री दोन छोटे स्फोट, वाटेच्या वरच्या टप्प्यात राख. नारिंगीत कोणी वाटेवरच्या चौकीच्या पुढे जायचं नाही. परवाना परवापासून सुरू होतोय आणि यांना आजच मुहूर्त सापडला.

चौघांना ऑफिसात बसवून सांगितलं. दंतवैद्याने विचारलं, शिखर होईल याची तुम्ही किती टक्के खात्री देता. हात टेकले मी. शिखराची खात्री कोणी देत नाही, मी फक्त परत आणायची खात्री देतो, असं म्हणालो. हे वाक्य मी तीस वर्षं म्हणतोय. आज म्हणताना मध्येच दम लागला आणि शेवटचे दोन शब्द लेकीने पुरे केले. राखेमुळे गावातली हवाच खराब झालीय.

शुक्रवार, १४

नारिंगी. खोकला. काही लिहिण्यासारखं नाही.

रविवार, १६

परवान्याचे दोन दिवस बसून गेले. आता सहा उरले. वेधशाळेत फोन केला तर बाई म्हणाल्या, पत्रक वाचा. म्हटलं, वाचूनच फोन केलाय.

आडवं पडलं की छातीवर कोणी बसल्यासारखं होतं, म्हणून दोन उशा घेऊन अर्धवट बसून झोपतो. काल हिने न विचारता तिसरी उशी आणून ठेवली. तिला सांगितलं, हा चिंतेचा प्रकार आहे, वर गेलो की जाईल. ती म्हणाली, "तुम्ही शिखराचं पत्रक रोज वाचता. स्वतःचं कधी वाचणार?" या बायकांना अशी वाक्यं कुठून सुचतात कोण जाणे. कूस बदलून पडून राहिलो.

रिकामा वेळ आहे तर भोंग्याचंही लिहून टाकतो. लोकांना वाटतं आमचं पैशावरून वाजलं. तसं काही नाही. अकरा वर्षांपूर्वी वरच्या निवाऱ्यात त्याचं डोकं फुटायला आलं होतं, पाऊल सरळ पडत नव्हतं. आमच्याबरोबर सहा माणसं होती आणि हवा अशी की वर्षातून एकदा मिळते. मी म्हटलं, तू उतर, वाट तुझ्या पायाखालची आहे. तो उतरला. मी सहाही जणांना वर नेलं. खाली येऊन कळलं की तो धुक्यात चुकला, खडकाआड रात्र काढली, डाव्या पायाची दोन बोटं गेली.

मी काय करायला हवं होतं? सहा माणसं परत फिरवायची? त्यानेच तर हो म्हटलं होतं. आणि त्याच महिन्यात मी नियम केला ना, खाली जाणारा एकटा जाणार नाही म्हणून. नियम केला, छापला, निवाऱ्याच्या भिंतीवर लावला. त्याने तो वाचला असणार. अजून काय वेगळं सांगायचं असतं?

मंगळवार, १८

पिवळं! वारा पश्चिमेचा, राख दुसऱ्या बाजूला पडतेय. उद्या निघतो. उद्या चौकीत मुक्काम, परवा दुपारी निवारा, शुक्रवारी पहाटे शिखर.

दोर, बर्फकुऱ्हाडी, बुटांचे दाते, वायूचे मुखवटे, सगळं मी स्वतः तपासलं. लेकीने माझी पिशवी उचलून बघितली आणि त्यातला तंबू काढून आपल्या पिशवीत टाकला. मी तो परत घेतला. तिने पुन्हा काढला. दहा मिनिटं आमचं तेच चाललं होतं, बोलणं एक शब्द नाही. शेवटी बसचालकाने तो उचलला आणि आपल्या पिशवीत भरला.

ऑफिसातून घरी निघताना तिने कोणाला तरी निरोप पाठवला. मी विचारलं, कोणाला. ती म्हणाली, हवामानासाठी.

गुरुवार, २०, दुपारी दोन

निवाऱ्यात पोचलो. पत्र्याची तीच खोली, झोपायला आठ फळ्या, दार अजूनही नीट लागत नाही. मला इतरांपेक्षा तासभर जास्त लागला. धूर बघत आलो.

विवर आज मोकळं दिसतंय. धूर बारीक आणि सरळ. इतकी चांगली हवा अख्ख्या महिन्यात नव्हती. राग आणि आनंद एकदमच आला.

आणि दाराशी दगडावर भोंगा बसलाय! एकटाच. ग्रुप नाही, दोर नाही, पाठीवर छोटी पिशवी. मिशा पांढऱ्या झाल्यात. मला बघून मान हलवली. मी आत आलो. कळलं मला सगळं. माझ्या जागी दोरीच्या पुढच्या टोकाला उभं राहायला आलाय. माझ्या लेकीने बोलावून आणलाय. चार वाजायला दोन तास आहेत, तेवढ्यात काय ते बोलून घेतो.

शुक्रवार, २१, सकाळ, चौकी

बोलणं काही झालंच नाही. जे झालं ते लिहितो.

चारला लेक निवाऱ्यातली श्वासाची वही घेऊन आली. दंतवैद्य ८२, हात न चोळता. बहिणी ७९ आणि ८१. बसचालक ८४. तिचा स्वतःचा ८६. मग माझ्यासमोर बसली. मी तळवे चोळायला लागलो. तिने माझे दोन्ही हात आपल्या हातात धरून थांबवले.

"बाबा, आज नको."

म्हणजे तिला माहीत होतं, पहिल्या दिवसापासून. मीटर लावला. ६५. मी म्हटलं, मीटर बिघडलाय. तिने तो आपल्या बोटाला लावून दाखवला, ८६. परत माझ्या बोटाला लावला. ६४. दंतवैद्यासकट सगळे बघत होते. एखादा काही बोलला असता तर मला ओरडता तरी आलं असतं.

माझ्या डोक्यात पहिलं काय आलं, तर हिशेब. नियम माझा. मी खाली जाणार म्हणजे एक गाईड माझ्याबरोबर उतरणार. गाईड उरली एकच, लेक. म्हणजे चौघांची चढाई रद्द, तीही माझ्यामुळे, आणि वर आभाळ असं धुतल्यासारखं स्वच्छ. मी म्हटलं, मी इथेच पडून राहतो, तू त्यांना घेऊन जा, उतरताना मला घ्या. तिने भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे माझ्याच सहीचा नियम लावलेला आहे.

तेव्हा भोंगा आत आला. मी त्याला म्हणालो, जा, घेऊन जा त्यांना वर, त्यासाठीच आलायस ना?

तो म्हणाला, "मी वर जायला आलोच नाही. वर पोरगी नेईल. मी तुला खाली न्यायला आलोय."

इतक्या हळू आवाजात तो बोलू शकतो हे मला माहीत नव्हतं. मी वही ओढून घेतली आणि माझ्या नावापुढे ६४ लिहिलं. आकडा वाकडा आला. बहिणींपैकी धाकटी रडत होती. लेक रडत नव्हती, माझ्या बुटांच्या नाड्या सैल करून पुन्हा बांधत होती. ती सात वर्षांची असताना मी तिच्या बांधायचो. निघताना मी तिला वाट सांगायला लागलो, दुसऱ्या वळणावर डावीकडे राहा, खडकाच्या अलीकडेच मुखवटे पिशवीतून काढून हाताशी ठेवा. ती सगळं ऐकून घेत होती. तिला ते सगळं माझ्याइतकंच पाठ आहे.

उतरताना आजारी माणूस पुढे असतो आणि गाईड मागे, म्हणजे तो पडला तर दिसतो. इतकी वर्षं मी मागे चाललो. काल पुढे मी होतो आणि मागे त्याची पावलं, एक जड, एक हलकं. दर वीस पावलांवर मी थांबायचो. धूर बघायचं नाटक केलं नाही. तोही थांबायचा, घाई करायचा नाही.

राखेच्या उतारावर मी मागे न बघता म्हटलं, "त्या दिवशी मी तुझ्याबरोबर उतरायला हवं होतं."

मागची पावलं तशीच येत राहिली. मग तो म्हणाला, "अकरा वर्षं दम होता तेव्हा बोलला नाहीस. आता दम नाही तर बोलतोयस. गप चाल."

मी गप चाललो. मला रडू येत होतं आणि ते त्याला मागून दिसत नव्हतं, एवढं बरं होतं.

अंधार पडायच्या आत चौकीत पोचलो. तिथल्या नर्सबाईंनी नाकाला ऑक्सिजनची नळी लावली. म्हणाल्या, पायाची सूज आजची नाही, छातीत पाणी साचलंय, हृदय दाखवा, उद्याच. मी म्हटलं, बूट आवळत होते. त्यांनी भोंग्याकडे बघितलं. त्याने त्यांना मान हलवून दाखवली, म्हणजे मला ओळखतो तो.

आज सकाळी सात चाळीसला वायरलेस वाजला. लेकीचा आवाज. विवराच्या काठाच्या चारशे फूट खाली आहेत, वारा फिरला, वायू वाटेवर आलाय, मुखवटे चढवले, परत फिरतोय. मागून दंतवैद्य काहीतरी तावातावाने बोलत होता.

चारशे फूट! मी वायरलेस भोंग्याच्या हातातून ओढून घेतला. मला ओरडायचं होतं, अगं मोठ्या खडकाआड थांब, दहा मिनिटांत वारा परत वळतो, मी तिथे थांबून तीन ग्रुप वर काढलेत, चारशे फुटांवरून काय परत येतेस! नळी ताणली गेली. भोंगा माझ्याकडे बघत होता, अडवत नव्हता.

मी बटण दाबलं आणि म्हटलं, "बरोबर केलंस. सावकाश उतरा."

ती "हो बाबा" म्हणाली आणि वायरलेस बंद झाला.

आता जे लिहितोय ते तिला कधी सांगणार नाही, हिलाही नाही. मी असतो तर थांबलो असतो. दहाची वीस मिनिटं झाली असती, वारा वळला नसता, आणि तरी मी त्या चौघांना घेऊन वर गेलो असतो. चौसष्ट आकडा घेऊन. शेवटची संधी म्हणून.

नर्सबाईंनी चौघांसाठी आणि लेकीसाठी पाणी गरम करायला ठेवलंय. दुपारपर्यंत पाचही जण खाली पोचतील.